टिटवीचं चौथं पिल्लू

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. माणसाचा नाही, दुर्बिणीचा. पाखरं बघायची, तीन पायांवर उभी राहणारी लांबडी दुर्बीण असते ना, तिच्या मागच्या टोकाला मला बसवतात. आयपीस म्हणतात मला. माझी ताकद एकच, तीसपट. तुम्ही कितीही पिळलंत तरी वाढत नाही आणि रुसलात तरी कमी होत नाही.

कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात माझी भिंगं घासली. तिथल्या बाईने मला पहिल्यांदा पुसून खिडकीला धरलं, तेव्हा मला सात डोंगरांपलीकडची मुंगी दिसली. ती जांभई देत होती. खोटं वाटतं? वाटू दे. तिथं तुम्ही नव्हतात, मी होतो.

मग मी जव्हारला चंदाकडे आलो. चंदा जवळच्याच साखरशेत गावची. शिकली, आणि शिरपामाळावर येणाऱ्या पाहुण्यांना पाखरं दाखवायला लागली. रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसायची. माझं चित्र रुंद आणि उजळ. हरियलांचा अख्खा थवा उंबरावर बसला तरी एकही बाहेर राहायचा नाही. चष्मेवाल्यांना चष्मा काढावा लागायचा नाही. चंदाची आजी, गोदाआजी, जाड चष्म्यातून माझ्यात बघायची आणि ओरडायची, "अगं, कोतवाल केवढा हा! ह्याला नांगराला जुंपूया!" मी फुगून जायचो.

पण पाहुण्यांचं मन भरत नाही. "झूम नाही का? अजून जवळ आणा ना!" रोज तेच. शेवटी चंदाने झूमचा आयपीस आणला. त्याला कडं होतं. फिरवलं की वीसपट, तीसपट, साठपट! पोरं तर पाखरू सोडून कडंच फिरवत बसायची. तो वाईट नव्हता हं. लांबच्या सुळक्यावरच्या गरुडाची चोच दाखवावी तर त्यानेच. पण कडं जितकं फिरवाल तितकं चित्र काळवंडतं, आणि दिसणारी जागा आक्रसून भाकरीची पुरी होते. हे पाहुण्यांना कोण सांगणार? मी पिशवीत गेलो. तिथं माझ्या शेजारी आल्याच्या गोळ्या आणि एक मोडका कंगवा. दिवसचे दिवस मला कुणी पुसलं नाही.

आणि मग राबाचे दिवस आले. आमच्याकडे भात-नागलीचं रोप जिथं टाकायचं, तिथं उन्हाळ्यात फांद्या, पाला, शेण पसरून पेटवतात. तो राब. गोदाआजीचा राब रचून तयार होता, आणि नेमकं त्याच्या शेजारच्या ढेकळांत टिटवीने चार अंडी घातली. पाड्यावरचे सगळ्यांचे राब जळून काळे झाले, आजीचा तसाच. "लेकुरवाळी हाय ती," आजी म्हणायची, "निघू दे पिल्लं."

पिल्लं निघाली. पण ती बांधापलीकडे गेली हे बघायचं कसं? माणूस जवळ गेला की टिटवी ओरडते, आणि पिल्लं असतील तिथं अंग चोरून दगडासारखी बसतात. म्हणून आजीने चंदाला बोलावलं. "तू अंगणातून दुर्बिणीने बघ. चारी पलीकडं गेली म्हणालीस की मी काडी लावते. तू सांगितल्याबिगर नाय."

त्या सकाळी अंगणात आजीचा दीर मंगळू आग झोडपायला ओल्या फांद्या घेऊन बसला होता. "चंदे, वारा उठायच्या आत सांग गो. डोंगर पेटला तर फॉरेस्टवाले मला भाजतील."

"तू अजून हिरवा हायस मंगळू, पेटायचा नाय," आजी म्हणाली.

चंदाने झूम लावला. कडं पार शेवटापर्यंत फिरवलं. एका वेळी एकच पिल्लू दिसत होतं. मग आईकडे वळव, पुन्हा राबाकडे आण, पुन्हा बांधाकडे ने. "एक गेलं... दोन... हे तिसरं." थोड्या वेळाने, "चौथं!"

मित्रांनो, ते चौथं नव्हतं. तिसरंच ढेकळाआडून मागं आलं होतं आणि आईच्या हाकेने पुन्हा बांधावर चढलं होतं. माझ्या रुंद चित्रात राब, बांध, आई, पिल्लं, सगळं एकदम दिसलं असतं.

चंदालाही शंका आली. तिचा हात पिशवीत आला. बोटं माझ्या झाकणावर टेकली. "एकदा जुन्यातनं बघते."

"आता आणखी काय बघतेस? पानं हलाय लागली!" मंगळू म्हणाला.

बोटं निघून गेली.

तिघं शेतात उतरली. टिटवी ओरडली, आणि चौथं पिल्लू शहाण्या लेकरासारखं होतं तिथंच दबून बसलं. राबातल्या पाल्यात. आजीने काडी लावली.

टिटवी धुरावर घिरट्या घालत राहिली. आजी म्हणाली, "सगळी पलीकडं हायत ना? मग ही इथं कुणाला हाका मारते?"



राख निवल्यावर चंदा ती उकरत बसली. तिला जे सापडलं, ते आजीने पदरात घेतलं आणि बांधाशी माती उकरून ठेवलं. "काडी माझ्या हातात होती गो," आजी म्हणाली.

मला थापा मारायला आवडतात, तुम्हाला कळलंच असेल. चौथं पिल्लू ज्वाळेवर बसून उडून गेलं, असं मी सहज सांगितलं असतं. खूपदा सांगून बघितलं, स्वतःलाच. जमत नाही.

दुसऱ्या दिवशी चंदाने मला पुसलं आणि दुर्बिणीला लावलं. तीन पिल्लं हिरवळीत किडे टिपत होती. बाप पहाऱ्याला. आई मात्र काळ्या राबाच्या कडेला उभी राहून हाका मारत होती. चंदाने फार वेळ बघितलं. मग आजी आली, चष्म्यासकट वाकली, आणि ह्या वेळी काहीच ओरडली नाही.

मित्रांनो, जवळून बघायची हौस सगळ्यांनाच असते, असू द्या. झूमही घ्या, फिरवा कडं. पण तुमच्या एका शब्दावर कुणी काडी ओढणार असेल, तर आधी पिशवीत हात घाला. मी तिथंच आहे.