टायरवरचं नाव

इव्हानोने ते ग्लास सरकवले नसते, तर मी आजही त्याला देवमाणूस म्हणत राहिले असते. मूर्खासारखी.

आमचा बार इटलीत, इमोला गावात, नदीला लागून. मोटारींची शर्यत आमच्या गावात असते तेव्हा कपाटातल्या बश्या खडखडतात. बाकीच्या शर्यती टीव्हीवर बघायच्या. पूर्वी त्या दुपारी थेट दिसायच्या, फुकट. मग पैसेवाल्या चॅनेलने त्या पळवल्या आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला आली संध्याकाळची शिळी शर्यत. माझा नवरा ओरेस्ते म्हणाला, शिळी तर शिळी, आपण ताजी समजून खाऊ. तेव्हापासून नियमच झाला. रविवारी दुपारी कुणी रेडिओ लावायचा नाही, रस्त्यात कुणी निकाल सांगायला आला तर कानात बोटं घालून पळायचं, आणि बारमध्ये शिरलं की मोबाईल बिस्किटांच्या डब्यात. डबा फिरवायचा इव्हानो. स्वतःचा मोबाईल सगळ्यांत आधी टाकायचा, तोही खणकन, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

शर्यत सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने फळ्यावर भाकीत लिहायचं: कोण जिंकणार आणि कितीदा टायर बदलणार. वर्षभरात ज्याची भाकितं जास्त खरी ठरतील, त्याचं नाव कोपऱ्यातल्या झिजक्या टायरवर पांढऱ्या रंगाने लिहायचं. तो टायर ओरेस्तेने लग्नाआधी एका शर्यतीनंतर गावातून गडगडत आणला होता. त्याच्यावर बघावं तिथे ओरेस्तेचंच नाव. मध्ये एकदा आमचं रोजचं गिऱ्हाईक साउरो, तोही नशिबाने. ओरेस्तेला टायरचं कळायचं. वळणावर गाडीचं मागचं अंग किती घसरतंय ते बघून सांगायचा, हे टायर अजून किती चालतील.

आणि इव्हानो? ओरेस्तेचा शाळेपासूनचा मित्र, आमच्या लग्नातला साक्षीदार. त्याचं भाकीत म्हणजे दर रविवारी लाल गाडी. ढकलत आणावी लागली तरी लाल गाडीच. आम्ही त्याची टर उडवायचो आणि तो खुशाल हसायचा.

गेल्या वर्षी मात्र त्याची भाकितं खरी ठरायला लागली. एक झालं, दोन झाली, मग थांबेचनात. म्हातारपणी अक्कलदाढ आली म्हणून मी त्याला चिडवलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शर्यतीला तो आणि ओरेस्ते बरोबरीत होते. ओरेस्तेने लिहिलं, दोनदा टायर बदलणारा जिंकेल. इव्हानोने लिहिलं, एकदाच. अगदी शेवटपर्यंत ओरेस्तेचं खरं होतं. नव्या टायरवाली गाडी पुढच्या गाडीला धरत आली होती. आणि मग तिचे टायर गेले. ती मागे पडली ती पडलीच.

ओरेस्तेने उठून इव्हानोला मिठी मारली. तेव्हा तो आजारी होता, हात थरथरायचा, तरी ब्रश दुसऱ्या कुणाला दिला नाही. इव्हानोचं नाव त्यानेच लिहिलं. शेवटचा "ओ" जरा वाकडा आला.

नंतरचा हिवाळा मी विसरणार नाही. ओरेस्ते पलंगावर पडून त्याच शर्यतीचं रेकॉर्डिंग लावायचा. परत परत. त्या टायरांवर इव्हानोला काय दिसलं, जे आपल्याला दिसलं नाही, ते शोधत बसायचा. एकदा इव्हानो भेटायला आला तेव्हा ओरेस्तेने विचारलंच. इव्हानोने पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, डावं मागचं चाक बघ, रंग बदललाय. ओरेस्ते डोळे बारीक करून बघत राहिला. इव्हानो घरी गेल्यावर मला म्हणाला, "नीव्हेस, माझी नजर गेली गं." फेब्रुवारीत ओरेस्ते वारला.

आता गेल्या रविवारचं. इव्हानोने फळ्यावर निळी गाडी लिहिली. लाल गाडी सगळ्यांत पुढून सुटणार असून निळी. साउरोने त्याला गद्दार म्हटलं, सगळे हसले. शर्यत शेवटाला आली, लाल गाडी आरामात पुढे. मी सांजोव्हेसे वाइनचे भरलेले ग्लास ट्रेमधून आणून टेबलावर ठेवले, साउरोच्या कोपराजवळ. इव्हानोने टीव्हीकडे बघता बघताच तो ट्रे आपल्या बाजूला सरकवला.

पुढच्याच वळणावर लाल गाडीचा टायर फुटला. साउरो ओरडत उठला आणि त्याचा हात, ट्रे जिथे होता तिथून, सणकन फिरला.

एक थेंब सांडला नाही. मी मात्र टीव्हीकडे न बघता इव्हानोकडे बघत राहिले.

कारण मला नोव्हेंबर आठवला. तेव्हाही इव्हानो आपल्या खुर्चीवरून उठून ओरेस्तेच्या मागे आला होता आणि त्याने खांद्यावर हात ठेवला होता. ओरेस्ते हसून म्हणाला होता, "अरे, मी जिंकतोय. सांत्वन कसलं करतोस?" टायर गेले ते त्यानंतर.

मी इव्हानोला आत स्वयंपाकघरात बोलावलं. पियादिना रोट्या भाजायचा तवा तापलेला होता, मी इव्हानोकडे पाठ करूनच विचारलं, "दुपारी कुठे होतास?"

"मिलेनाकडे. फाएन्झाला. जेवायला."

"तुझ्या मुलीकडे ते चॅनेल आहे."

त्याने मान हलवली. मग म्हणाला की पहिल्यांदा चुकून झालं, जावयाने टीव्ही लावला होता, डोळे मिटून जेवायचं का? मग सगळे त्याला मानायला लागले. आयुष्यात कधी कुणी मानलं नव्हतं.

"ओरेस्तेच्या वेळी पण?"

"मला एकदा तरी त्याला हरवायचं होतं, नीव्हेस."

"तो मरायला टेकला होता. आणि तू त्याला चाकाचा रंग दाखवत होतास."

त्याने टोपी हातात घेऊन चुरगळली आणि म्हणाला, बाकीच्यांना सांगू नकोस. लाज वाटायला हवी होती मेल्याला, पण काळजी कसली, तर बाकीच्यांची.

बाहेर सगळे त्याची वाट बघत होते. साउरोने पाठीवर थाप मारून विचारलं, टायर फुटणार हे तुला कळलं कसं? मला वाटलं, निदान आता तरी तोंड मिटून बसेल. पण नाही. इव्हानोने घसा खाकरला आणि सुरू केलं, डावं मागचं चाक, वळणावर घसरणारं मागचं अंग, सगळे ओरेस्तेचे शब्द, ओरेस्तेसारखेच हात फिरवून.

मी ट्रे उचलला आणि त्याच्यासमोर आणून ठेवला. "इव्हानो," मी म्हणाले, "पुढच्या वेळी आधीच सांग, ग्लास कुठे ठेवायचे ते."

सगळे हसले. साउरोही हसला, आणि मग हसता हसता थांबला. त्याने आपल्या कोपराकडे पाहिलं, टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि इव्हानोकडे पाहिलं.  इव्हानो डब्यातला आपला मोबाईल न घेताच निघून गेला.

सोमवारी सकाळी बार उघडला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून टायरसमोर गुडघ्यांवर बसले. त्याचं नाव तिथे राहू द्यायचं नव्हतं. एक अक्षरसुद्धा नाही.

चिंधी टेकवणार, तेवढ्यात तो वाकडा "ओ" दिसला.

ओरेस्तेने त्यानंतर काहीच लिहिलं नव्हतं, औषधाच्या कागदावर सहीसुद्धा माझी असायची. त्याच्या हातचं शेवटचं अक्षर जगात कुठे असेल तर ते इथे आहे, आणि त्याने लिहिलंय त्या हरामखोराचं नाव.

मी चिंधी बादलीत टाकली आणि हात धुतले. नाव तसंच आहे. रोज सकाळी मी त्याच्यावरची धूळ पुसते.