स्टेशन रस्त्यावरचा आपटा

वनमहोत्सवाची टूम तेव्हा नवी नवी होती. रोप लावायला सगळं गाव येतं, पाणी घालायला कुणाच्या बापाला वेळ नसतो. बारामतीच्या स्टेशन रस्त्यावर पाहुण्यांनी हार घालून घेत लावलेले कडुनिंब दिवाळीपर्यंत शेळ्यांच्या पोटात गेले आणि त्यांच्या कुंपणाच्या काट्या लोकांच्या चुलीत. नगरपालिकेच्या सभेत हळहळले ते एकटे मोहनराव. साठीला आलेला हा कापडदुकानदार लोणी भापकर गावच्या झाडांखाली वाढलेला. उघड्याबोडक्या रस्त्यावर दुपारी माणसं करपताना पाहून त्यांचा जीव तुटायचा.

सभेनं त्यांना चिडवतच सांगितलं, "एक झाड जगवून दावा. जगलं तर रस्ताभर लावू. न्हायतर ह्यो नाद सोडा."

मोहनरावांनी डोकं लढवलं. लोकांना हवंसं वाटेल तेच झाड लोक जपतील, असा त्यांचा अंदाज. इंदापूरकडच्या माळावरून त्यांनी आपट्याचं रोप मातीच्या गोळ्यासकट बैलगाडीतून आणलं, दुकानासमोर लावलं आणि शेजारच्या हॉटेलवाल्याला म्हणाले, "दसऱ्याचं सोनं आणाया शिवंबाहेर कशाला जायचं, सर्जेराव? ह्ये वाढलं की गावातच सोनं!"

मात्रा लागू पडली. सर्जेराव कपबश्या विसळलेलं पाणी रोज झाडाला घाली. भाजीवाली मुक्ताबाई शेळ्यांना हुसकावी आणि पोरांवर ओरडे, "सोन्याचं झाड हाय त्ये, हात लावू नगा!" तिसऱ्या वर्षी आपटा माणसाच्या डोक्यावर गेला आणि मुक्ताबाईची पाटी त्याच्या सावलीत आली. आता सभेत रस्ताभर झाडं मागायची, नाही म्हणायची कुणाची टाप नाही, अशा तोऱ्यात मोहनराव गादीवर बसत. भोळा सांब! लोक झाड जपत नव्हते, दसरा जपत होते, हे त्यांना कुणी सांगावं?

दसऱ्याच्या संध्याकाळी पालखी शिवेकडे न जाता वाजतगाजत स्टेशन रस्त्याला वळली. गुरवानं पूजा केली, मोहनरावांनी स्वतः नारळ फोडला.

"एकेकच पान घ्या बरं," ते म्हणाले.

पण दसऱ्याचं सोनं कुणी मागून घेतं का? ते लुटतात. आधी पानं गेली, मग डहाळ्या. मागच्यांना काही मिळेना, तसं कुणी खोडाला लोंबकळलं, कुणी कोयता काढला.

"आरं, झाड हाय त्ये! झाड!" मोहनराव ओरडत होते. लोकांना वाटलं, म्हातारा रंगात आलाय. ते आणखीच चेकाळले.

सनई लांब गेली तेव्हा जमिनीवर सालपटं होती आणि मुळं उघडी पडलेला वीतभर बुंधा. मोहनराव दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना रडू येत होतं, पण रागवायचं कुणावर? चोरी कुणीच केली नव्हती. आणि आता कुठल्या तोंडानं सभेत उभं राहायचं?

लोक येत होते, पाया पडून त्यांच्या हातात पानं ठेवत होते. शेवटी सर्जेराव आला. सदरा फाटलेला, कोपर सोललेलं, चेहरा आनंदानं फुललेला. त्यानं एक कोवळा, पानांनी भरलेला शेंडा पुढं केला.

"आबा, लई हिसकाहिसकी झाली. पन शेंडा म्या कुनाला दिला न्हाय. झाड तुमचं, म्हून तुमच्यासाठी राखला."

सणाचं सोनं नाकारता येत नाही. मोहनरावांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि सर्जेरावाला पोटाशी धरलं.

"सोन्यासारखा राहा," ते म्हणाले.