आतली कडी

चमच्याला दोरा लागला. बरणीच्या तळाशी नारिंगाच्या सालीची एकच गुंडाळी उरली होती, आणि तिच्यातून पांढरा दोरा आरपार गेलेला – साली गुंडाळायच्या, माळेसारख्या ओवायच्या, पाकात शिजवायच्या आणि बरणीत भरताना दोरा ओढून घ्यायचा, ही सासूबाईंची रीत. या खेपेला दोरा राहून गेला होता. सासूबाई काही विसरू शकतात हेच मीनलला नवीन होतं. बरणी वसंतात कुणाच्या तरी बॅगेतून अलेप्पोहून इथे जर्मनीत, येनाला पोचली, आणि नंतर तिकडे अलेप्पोला वेढा पडला. साल अंगणातल्या झाडाची... ते झाड अजून उभं आहे का, हे विचारायची घरात कुणाची छाती होत नव्हती.

"आई माझा फोन उचलत नाही," बासिल म्हणाला. कोट घालून झाला होता तरी तो दारात घुटमळत होता. "उद्या लोकांना बाहेर काढायला बस येणार आहेत. शेवटच्या, म्हणतात. तुझं ती ऐकेल. काहीही सांग, मीनल."

"कॉम्ट ओमा?" त्यांच्या लेकीने, इराने, दुधाच्या मिशीसकट विचारलं. आजी येतेय का, हे तिला मराठीतून कळलं असतं, अरबीतूनही, पण तोंडून यायचं ते जर्मनच. मीनलने तिचं तोंड पुसलं.

काहीही... ट्राममध्ये बसल्यावर मीनलने वाक्य जुळवायला घेतलं. तिला दिवस गेले होते. बासिललाही अजून ठाऊक नव्हतं. मला आई नाही, बाळंतपणाला तुम्हीच या – यावर कुठली सासू घर धरून बसेल? हुकमाचं पान होतं, आणि ते तिने राखून ठेवलं होतं, शेवटच्या क्षणी टाकायला. गंमत अशी की इतके दिवस बाळाचा विचार मनात आला तो एवढ्यापुरताच. मुलगा की मुलगी, असलं काही मनाला शिवलंच नव्हतं.

घरही कसलं... लग्नानंतर पहिल्यांदा ती तिथे गेली तेव्हा लढाईचं नावही नव्हतं. गल्लीतून बघावं तर नुसती कोरी भिंत आणि एक बुटकं दार. तिने सवयीने त्या दारातच चपला काढल्या – पुण्याच्या मुलीला दुसरं काय सुचणार – आणि धुतलेल्या ओल्या अंगणातून अनवाणी निघाली. तिथे चपला खोलीच्या उंबऱ्याशी काढतात, अंगणात कुणी अनवाणी फिरत नाही. दिरांची मुलं फिदीफिदी हसायला लागली. सासूबाई पायऱ्या उतरून आल्या, आपल्या लाकडी खडावा काढून त्यांनी कडेला ठेवल्या आणि तिचा हात धरून, साडेतीनशे वर्षं जुन्या त्या काळ्यापिवळ्या फरशीवरून, कारंज्याला वळसा घालून, अनवाणीच तिला आत नेलं. हसणारी पोरं गपगार. त्या बाईपुढे मीनल तेव्हाच हरली होती, आणि हरल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

कारखान्यात कामावर तिने भिंगं दिव्याखाली धरून ओरखडे शोधले. एक चांगलं भिंग नापास केलं, मग पुन्हा बघून पास केलं. जेवणाच्या सुट्टीत जिन्याच्या खिडकीशी उभं राहून फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"जेवलीस?" सासूबाईंनी अरबीत विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मसूर होते. सगळ्यांना पुरले." सगळे म्हणजे घरं पडली म्हणून त्यांच्याकडे येऊन राहिलेली कुटुंबं. कारंज्याच्या टाकीत पिण्याचं पाणी, वरच्या खोल्या बायकांना, कुणी कुठे झोपायचं, कुणी कधी धुवायचं – वेढ्यातही त्या घर लग्नघरासारखं चालवत होत्या. "उद्या सगळे जाताहेत."

"मग तुम्हीही निघा ना, आई."

"मी हट्टाला पेटलेय असं बासिलला वाटतं. तसं नाही गं. या दाराला बाहेरून कुलूप लावायची सोयच नाही. आतून कडी आहे, तेवढीच. घरात कायम कुणी ना कुणी असायचंच, बाहेरच्या कुलपाची गरजच कधी पडली नाही. मी निघाले तर कडी कोण लावणार?"

एक कोयंडा, चार स्क्रू, पाच मिनिटांचं काम... मीनलमधल्या इंजिनिअरने हिशेब मांडला आणि मीनललाच स्वतःची लाज वाटली. इतक्या पिढ्यांत ते दार एकदाही उघडं टाकून कुणी गेलं नव्हतं, आणि ते करणारी पहिली बाई सासूबाईंनी व्हायचं... मग घाबरून, जुळवलेलं वाक्य विसरून, तिने नुसतंच सांगितलं, "आई, मला दिवस गेलेत."

पलीकडे, लांब कुठेतरी काहीतरी कोसळलं.

"बासिलला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे मला बाहेर काढायला ठेवलं होतंस."

"हो."

सासूबाई हसल्या, अगदी मनापासून. "हुशार आहेस. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण ऐक, आज त्याला सांगशील तेव्हा माझा विषय काढू नकोस. आजची संध्याकाळ तुमची. काहीतरी गोड कर. आणि जिने सावकाश चढ, इराच्या वेळी तुला चक्कर यायची."

"आणि तुम्ही? उद्या?"

फोन कापला गेला होता. तिने पुन्हा लावला, परत एकदा लावला. लागला नाही.

ती तिथेच पायरीवर बसली. बासिल विचारेल, काय म्हणाली? काय सांगायचं त्याला?... त्या येतील. येणार नाहीत. तिने बाळाची जी बातमी त्यांना ओढून काढायला पुढे केली होती, ती त्यांनी तिच्या ओटीत परत घातली होती, त्या तसल्या जागेतून, तेही हसत. आणि आता पहिल्यांदाच पोटात बाळ आहे हे तिला खरं वाटलं. मुलगी असेल का? डोळे कुणाचे घेईल? तिला विलक्षण आनंद झाला होता, आणि सासूबाई उद्या त्या बसमध्ये बसणार की नाही, हे तिला अजून माहीत नव्हतं.