न धुतलेली पूड

माझ्या प्रयोगशाळेत एक नियम होता: धुतल्याशिवाय मोजायचं नाही. एकदा वापरलेली पूड शुद्ध पाण्यात तीनदा धुवायची, वाळवायची आणि मगच पुन्हा नळीत भरायची. नियम मीच केला आणि वीस वर्षं त्याचा तोरा मिरवला. विद्यार्थी पाठीमागे मला ‘साबणबाई’ म्हणत. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

पूड होती बोरॉन नायट्राइडची. पांढरी, मऊ, पापुद्र्यावर पापुद्रा असलेली. तापलेल्या नळीत ती ठेवून वरून प्रोपेन आणि ऑक्सिजन सोडला की प्रोपेनमधले दोन हायड्रोजन निघून जातात आणि प्रोपीन मिळतं, ज्यापासून प्लास्टिक बनवतात. हे काम करताना बाकीचे उत्प्रेरक बराचसा वायू जाळून टाकतात. ही पूड फारसं जाळत नाही. पण पुडीतली नेमकी कुठली जागा हे काम करते, ते आम्हाला सापडत नव्हतं.

ती जागा शोधायला मी पीएच.डी.च्या एका मुलीला बसवलं होतं. हळू काम करायची म्हणून सगळे तिला कासव म्हणत. तिच्या टेबलावर पसारा, वापरलेल्या नळ्या तशाच पडलेल्या. त्यावरून तिने माझी बोलणी किती खाल्ली असतील याला गणती नाही.

तिसऱ्या वर्षी ती एक आलेख घेऊन आली. नवी पूड पहिले काही तास नुसती बसून राहते, मग कामाला लागते. पण वापरलेली पूड पहिल्या मिनिटापासून काम करते, असं तो आलेख सांगत होता. मी दुसऱ्या दोघांना तोच प्रयोग करायला लावला. आमचे मामा, म्हणजे प्रयोगशाळेचे जुने मदतनीस, यांनी नेहमीप्रमाणे वापरलेली पूड धुऊन दिली. दोन तास नळी ढिम्म. मी कासवाला बोलावलं आणि विचारलं, तुझ्याच नळीत जादू कशी होते? ती खाली बघत म्हणाली, ‘‘मॅडम, मी धुतली नव्हती.’’

उत्तर माझ्या पुढ्यात ठेवलं होतं तिने. मला त्यात फक्त गबाळेपणाची कबुली ऐकू आली. वर खोटे आकडे आणल्याचा संशय. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी विद्यापीठाच्या संशोधन समितीला लिहून दिलं की हिचे आकडे विश्वासार्ह नाहीत. तिचं संशोधन तिथेच संपलं.

सहा वर्षांनी पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं. मामांनी विचारलं, पूड तशीच भरू का? मी कुरकुरत हो म्हटलं. वायू सोडला आणि पडद्यावरची प्रोपीनची रेघ पहिल्याच मिनिटाला वर गेली. मग मी त्याच पुडीचा अर्धा भाग स्वतःच्या हाताने धुतला, वाळवला, भरला. दोन तास काहीही नाही.

आता कारण शोधणं अवघड नव्हतं. तापल्यावर पापुद्र्यांच्या कडांवरच्या बोरॉनला ऑक्सिजन चिकटतो आणि तिथे एक पातळ थर धरतो. काम करणारी जागा तीच, आणि ती पाण्यात विरघळते. आम्ही जे शोधत होतो, ते मामा रोज माझ्या हुकमावरून मोरीत ओतत होते.

माझी थोरली बहीण माझ्याकडेच राहते. तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, लोखंडी कढई घासून घासून लख्ख केली की तिच्यात सगळं चिकटतं, हे तुला कधी कळलं नाही का? अति तिथं माती. मला तिचा राग आला, कारण ती बरोबर बोलत होती.

मी प्रयोग पुन्हा केला. मग पुन्हा. सगळं पक्कं झाल्यावर समितीला नवं पत्र लिहिलं: तिचं काम खरं होतं, ते तिच्या नावावर जमा व्हावं आणि तिला परत घ्यावं. पाठवण्याआधी तिला दाखवायला गेले. ती शहराच्या पाणी तपासणी खात्यात नोकरीला होती. लांबट खोली, चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्यांच्या रांगा, आणि तिचं टेबल एकदम नीटनेटकं. ते बघून मला रडू आलं.

तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी चुकले, तुझं आयुष्य नासवलं, असं मी सरळ सांगितलं. ती पत्र वाचू लागली. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मी लिहिलं होतं, ‘नमुने धुतले गेल्यामुळे चूक झाली.’

‘‘कुणी धुतले?’’ तिने विचारलं.

मामांनी, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि पेन काढून लिहिलं: ‘नमुने मी धुवायला लावले. ही मुलगी न धुतल्याचं सांगत होती. मी ऐकलं नाही.’ ते वाचून तिने मान हलवली आणि पत्राची घडी घातली.

‘‘हे तुम्हाला कधी कळलं, मॅडम?’’

चार महिने झाले, मी म्हणाले. अकरा वेळा प्रयोग केला, दोनदा नळी बदलली. तुझ्याकडे यायचं तर पूर्ण खात्री करूनच यावं म्हणून.

तिचा आवाज जराही चढला नाही.

‘‘माझं ठरवायला तुम्हाला एक दुपार पुरली होती.’’

खरंच एकच दुपार होती. तीही अर्धी, कारण चार वाजता माझी मीटिंग होती.