कोऱ्या नळीतला उजेड

खाडीच्या पाण्याची नळी उजळली आणि लॅबमध्ये ज्याला सगळे थेंब्या म्हणत त्याने शेजारची कोरी नळी बघायच्या आधीच बायकोला फोन लावला. "आहेत तुझी पिल्लं," म्हणाला. तिथेच माशी शिंकली.

बायको मत्स्यकेंद्रात समुद्रघोडे वाढवायची. बोटाच्या पेराएवढी पिल्लं टाक्यांत जपून तिने गेल्या साली खाडीत सोडली होती. ती जगली का, हे आता पाण्यात उरलेल्या त्यांच्या जनुकांच्या खुणांवरून कळायचं होतं; खूण सापडली की नळी उजळायची. जगली असली, तर दुसरी खेप सोडायची.

पण मुद्दाम कोरी ठेवलेली, निव्वळ शुद्ध पाण्याची नळीही उजळली होती. खुणा बाहेरून शिरल्या होत्या. खाडीच्या नळीवर विसंबायची सोय राहिली नव्हती.

त्याने रसायनं बदलली, टेबल घासघासून त्याचा रंग घालवला, झाडूवाल्या मावशींवर उगाच तोंड टाकलं. कोरी नळी आपली उजळतेच आहे. तुमचं पाणी भलतंच पुण्यवान दिसतंय, रोज नवी पिल्लं जन्माला घालतं, असं लॅबच्या मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या.

घरी वेगळाच जीव टांगणीला. बायकोने केंद्रभर सांगून टाकलं होतं, दुसऱ्या खेपेसाठी होडीही ठरवली होती. अजून नक्की नाही गं, असं तो चाचरत म्हणाला, तर तुझं नेहमीचंच, तू चहासुद्धा मोजून पितोस, म्हणून तिने हसण्यावारी नेलं.

एका सकाळी तो यंत्रातून कपडे काढत होता. त्याचा लॅबमधला पांढरा डगला आणि तिचे टाक्यांवरचे कपडे, बाहीत बाही घालून, गळ्यात गळा घालून बसलेले. पीळ सुटता सुटेना. सोडवता सोडवता त्याचे हात थबकले. घरचे सगळे कपडे एकत्र धुणारा तोच, आणि डगल्यावरून तिच्या टाक्यांतल्या खुणा लॅबमध्ये नेणाराही तोच.

कोठीतून कोरा डगला घेऊन त्याने खाडीचं उरलंसुरलं पाणी पुन्हा तपासलं. कोरी नळी कोरी राहिली. खाडीचीही.

संध्याकाळी त्याने सगळं सांगितलं. होडी दुसऱ्या दिवशी निघायची होती.

"म्हणजे दिसत होती ती टाक्यांतलीच?"

"टाक्यांतलीच. खाडीत एकाचीही खूण नाही."

"यापुढे मला अर्धं काही सांगू नकोस," एवढंच ती म्हणाली. मग होडीवाल्याला फोन करून उद्या नको म्हणून सांगितलं, आवाज जराही हलू न देता, आणि चपला शोधू लागली. प्रवासासाठी पिल्लांना सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. त्यांना खाऊ घालायला हवं होतं.

तोही उठला.

"तू नको," ती म्हणाली. "उद्या तेच कपडे घालून लॅबमध्ये जाशील."