कपाटात ठेवलेलं कडं

शिवणकाकूंच्या घरात नवी वस्तू आली की आधी कपाटात जायची आणि बहुतेक वेळा तिथेच म्हातारी व्हायची. मुलानं पहिल्या पगारातून आणलेला थर्मास, बहिणीनं दिलेली लोकरी शाल, काचेच्या पेल्यांचा संच, सगळं जुन्या चादरीत गुंडाळून 'चांगल्या वेळेला' म्हणून ठेवलेलं. चांगली वेळ येऊन जायची, पण काकूंना ती पुरेशी चांगली वाटायची नाही. काका हयात होते तेव्हा म्हणायचे, बरं झालं, तुला मी जुनाच मिळालो. नवाकोरा असतो तर मलाही घडी घालून ठेवलं असतंस.

काकूंनी उभा जन्म शिवणाचे वर्ग चालवण्यात घालवला होता. कापड मळू नये, कसर लागू नये, उन्हानं विटू नये, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. तेव्हा हातात घालण्यासाठी दिलेलं एक पांढरंशुभ्र कडं त्यांनी कपाटात ठेवलं, यात नवल वाटण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. फक्त या वेळी ते कडं काकूंचं नव्हतं.

झालं होतं असं. गल्लीच्या मागे, पत्र्याच्या कुंपणापलीकडे, एका बंद कारखान्याचं आवार होतं. तिथे पूर्वी दगडी कोळशापासून गॅस काढायचे आणि मागे उरलेलं डांबर खड्ड्यांत ओतून द्यायचे. कारखाना बंद पडला, मालक निघून गेले, डांबर मात्र जागचं हललं नाही. मध्यंतरी पाण्याचे नळ टाकायला खणलं, तर खड्ड्यात काळं, तेलकट पाणी साचलं आणि घराघरात वास शिरला. मग साहेबलोक आले, मातीचे नमुने गेले, आणि शेवटी एक तरुण बाई पिशवीभर रबरी कडी घेऊन दारोदार फिरू लागली. मातीत काय आहे ते कळलंय, ती सांगायची, पण ते माणसांपर्यंत किती पोचतंय ते कळायला हवं. हे कडं हवेतलं, कपड्यांवरचं, हाताला लागलेलं सगळं शोषून घेतं. घरात जास्तीत जास्त वेळ असणाऱ्या माणसानं ते आठवडाभर घालायचं. झोपताना काढायचं नाही, आंघोळीला काढायचं नाही. गल्लीनं तिचं नाव कडेवाली ठेवून टाकलं, आणि तीही त्या नावाला ओ द्यायला लागली.

काकूंनी कडं घातलं, कडेवाली जिना उतरली, आणि काकूंनी भांड्यांचा ढीग पाहिला. हे असलं पांढरं कडं घालून भांडी घासायची? दुसऱ्याची वस्तू, परत द्यायची, ती काळी करून? त्यांनी ते काढलं, स्वच्छ रुमालात बांधलं आणि कपाटात, मऊ कपड्यांच्या मधोमध ठेवलं. थंडीचे दिवस, लांब बाह्यांचा स्वेटर; मनगटावर काय आहे नि काय नाही, कुणाला दिसणार? मुलगा छापखान्यात दिवसभर, आणि घरात असला तरी समोरची भिंत हलवली तरी त्याच्या लक्षात आलं नसतं. सून नवव्या महिन्यात, तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते. आठवड्यानं काकूंनी कडं नव्यासारखं परत केलं. घातलं होतं ना पूर्ण वेळ, असं कडेवालीनं विचारलं तेव्हा काकूंनी डोळ्याची पापणी न हलवता हो म्हटलं. वर, बघ किती स्वच्छ ठेवलंय, असं कौतुकही करून घेतलं.

सुनेला दवाखान्यात नेण्याच्या आदल्याच दिवशी कडेवाली आली. घरात काकू एकट्याच होत्या. ती बेतानं बोलली, पण काकूंच्या कानात एवढंच शिरलं की डांबरातलं एक द्रव्य त्यांच्या कड्यात गल्लीत सगळ्यांपेक्षा जास्त निघालंय, आणि थोडंथोडकं नाही. घाबरून जाऊ नका, काहीतरी वेगळंच दिसतंय, मी डॉक्टरांना घेऊन येते, असंही ती म्हणाली होती. पण काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. घरात काही फवारता का? कसल्या गोळ्या ठेवता का? धूर, रंग, तेल? तिनं प्रश्नांची सरबत्ती लावली. काकूंना वाटलं, एका गोष्टीला हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, आणि मग कडं कुठे होतं तेही निघणार. म्हणून त्या सगळ्यालाच नाही म्हणत गेल्या.

कडेवाली गेल्यावर त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसल्या. कडं मनगटावर नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यात त्यांना कसलाच दिलासा सापडेना. कडं कपाटात होतं, म्हणजे विष कपाटात आहे. कपाट घरात आहे आणि आपणही घरातच. म्हणजे विष त्यांच्या अंगात मुरलेलंच असणार, हा हिशेब त्यांना अगदी पक्का वाटला. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. होणाऱ्या बाळासाठी सहा महिने शिवलेली झबली, टोपडी आणि दुपटी आतच राहिली.

मुलगी झाली. गोरीगोमटी म्हणावी तर तशी नव्हती, चांगली लालभडक होती, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरचे खाली डोकावले. दवाखान्यातून घरी आल्यावर मुलानं तिला काकूंपुढे धरलं. काकू दोन पावलं मागे सरल्या आणि म्हणाल्या, हात ओले आहेत. दुसऱ्या दिवशी सर्दी होती. तिसऱ्या दिवशी कंबर धरली होती. सुनेचं खाणंपिणं, कपडे, औषधं, यात त्यांनी काडीची कसर ठेवली नाही, पण बाळ रडायला लागलं की त्या दारात उभ्या राहून लांबूनच 'ओ ओ ओ' करायच्या. रात्री उशीत तोंड खुपसून रडायच्या. घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बाळंतिणीला सांगायचं काय, की तुझी सासू विषारी आहे?

मग त्यांनी आणखी एक डोकं लढवलं. मुलाला म्हणाल्या, तुम्ही तिघं कुठेतरी दुसरीकडे खोली बघा. मी इथे एकटी राहीन, माझं काही अडत नाही. का, असं त्यानं विचारलं तर म्हणाल्या, असंच. मुलगा डोकं खाजवत कामाला गेला आणि सून आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती.

दुपारी ती बाळाला कुशीत घेऊन बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी दिवसभर गोड बोलणारी मुलगी ती, पण त्या दुपारी तिचा आवाज कोरडा होता.

"आई, एक विचारते. खरं सांगाल?"

"विचार ना."

"मुलगी झाली म्हणून का?"

काकूंना क्षणभर कळलंच नाही. सून थांबली नाही.

"हिला तुम्ही अजून एकदाही हातात घेतलं नाहीत. आणि आता म्हणता, घर सोडून जा. तसं असेल तर तोंडावर सांगा, मी आज जाते. पण हिच्यासमोर ओले हात नि सर्दी करू नका."

विष परवडलं, पण हे नको, असं काकूंना झालं. इतके दिवस ओठांशी धरून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं, आणि तेही उलटसुलट.

"अगं वेडे, मुलगी हवी म्हणून तर सहा महिने डोळे फोडून झबली शिवली. मला विष लागलंय. गल्लीत सगळ्यांत जास्त. ती कडेवाली सांगून गेली. मी हिला हात कसा लावू?"

मग काकूंनी उरलेलंही सांगून टाकलं. मान खाली, आवाज अगदी वर्गात कापड चुकीचं बेतलेल्या पोरीसारखा.

"आणि ते कडं मी घातलंच नव्हतं. कपाटात ठेवलं होतं."

सुनेनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. रडावं की हसावं, हे तिचं तिलाच ठरवता येईना. शेवटी तिनं फोन उचलला आणि कडेवालीला ताबडतोब यायला सांगितलं.

कडेवाली आली. काकूंची पाचावर धारण बसली होती. आता ही सगळ्या गल्लीत आपली अब्रू काढणार, अशी त्यांची खात्री. पण ती रागावली नाही. एका घरी कडं कुत्र्याच्या गळ्यात घातलं होतं आणि एका आजोबांनी ते उकळून काढलं होतं, तिला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. कुठे ठेवलं होतं ते दाखवा, एवढंच ती म्हणाली. काकूंनी कुलूप काढलं, दार उघडलं, आणि कडेवाली एकदम मागे झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं, संपलं, एवढं जहाल आहे.

"काकू, डांबरगोळ्या किती ठेवल्यात या?"

आता ते कोण मोजणार? प्रत्येक फळीवर, प्रत्येक घडीत, लहान लहान कापडी पुरचुंड्या करून ठेवलेल्या. कापड जपायचं तर कसर नको का? कडेवाली खुर्चीत बसली आणि पोट धरून हसली. हसणं ओसरल्यावर तिनं नीट समजावून सांगितलं. आवारातल्या डांबरात जे द्रव्य असतं, तेच या गोळ्यांत असतं. पण डांबरातून येतं तेव्हा ते आपलं अख्खं खानदान घेऊन येतं. काकूंच्या कड्यात ते एकटंच निघालं होतं, बाकी कुणाचा मागमूस नव्हता, म्हणून तिकडे प्रयोगशाळेतही सगळे डोकं धरून बसले होते. कड्यानं आवार मोजलंच नव्हतं. त्यानं आठवडाभर गोळ्या हुंगल्या होत्या.

"म्हणजे माझ्या अंगात..."

"अंगावरचे हे कपडे कपाटातलेच का?"

"छे. कपाटातले कपडे कधी वापरायचे असतात का?"

सून फसकन हसली. काकूही हसायला लागल्या आणि त्यांचा जीव जो टांगणीला लागला होता तो एकदाचा भांड्यात पडला. पण तेवढ्यात कडेवालीचं लक्ष मधल्या फळीकडे गेलं. तिथे पिवळी, गुलाबी, बारीक नक्षीची झबली नि दुपटी नीट रचून ठेवलेली होती. तिचं हसू मावळलं. यातलं काही बाळाला घातलंत का, तिनं विचारलं, आणि तिनं ते ज्या तऱ्हेनं विचारलं त्यानं सुनेनं बाळाला घट्ट जवळ धरलं. एकही नाही, काकू म्हणाल्या. कपाटात विष आहे असं वाटल्यापासून यातला दोरासुद्धा बाहेर काढला नाही.

कडेवालीनं सुस्कारा सोडला. या गोळ्यांत मुरलेले कपडे तान्ह्या बाळाला थेट घातले तर एखाद्या बाळाच्या रक्तावर परिणाम होतो, जबर कावीळ होते, प्रसंगी जिवावर बेततं. गोळ्या आजच बाहेर काढा, लांब नेऊन टाका, हे सगळे कपडे पुन्हा पुन्हा धुवा, उन्हात टाका, वास पार गेल्याशिवाय बाळाच्या अंगाला लावू नका. काकूंच्या अंगावर काटा आला. बाळ दवाखान्यातून आल्या दिवशी त्या सगळ्यांत आधी हेच करणार होत्या. गुलाबी झबलं, त्याच रंगाचं टोपडं, आणि वरून दुपटं. सगळं मनात ठरलेलं होतं. ज्या भीतीपायी त्या बाळापासून लांब राहिल्या होत्या, ती खोटी असली तरी तिनंच बाळाला वाचवलं होतं.

काकू उठल्या, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. बाहेर आल्या तेव्हा सून पुढे झाली आणि तिनं बाळ त्यांच्या हातात ठेवलं. ओले आहेत का, असं विचारलं नाही. काकूंनी बाळाचं तोंड जवळून पाहिलं. इतके दिवस लांबून बघितलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, नाक बापाचं आहे. ते त्यांच्या स्वतःच्या आईचं होतं. त्या मोठ्यानं रडल्या आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

कडेवाली जाताना नवीन कडं देऊन गेली. हे खरंच घाला, तिनं हात जोडून सांगितलं. काकूंनी घातलं. भांडी घासताना, कपडे धुताना, झोपताना, आंघोळीला. ते मळलं, त्याला काजळ लागलं, त्यावर एकदा बाळ ओकलं. परत देताना काकूंनी ते पुसलंसुद्धा नाही.

काही दिवसांनी दुपारी फोन आला. आवारातलं जे काही काकूंपर्यंत पोचतंय ते अगदी थोडं, गल्लीतल्या इतरांएवढंच, आणि आता ती जमीन झाकायचं काम सुरू होतंय म्हणजे तेही राहणार नाही, असं कडेवालीनं सांगितलं. बाळाला घेऊन त्याच घरात खुशाल राहा.

"एक गोष्ट मात्र भलतीच जास्त आलीय, काकू," ती म्हणाली. "बाळाचा साबण आणि अंगाला लावायचं तेल. कडं नुसतं भिजलंय त्या वासानं. तुम्ही तिला खाली कधी ठेवता तरी का?"

"हळू बोल," काकू म्हणाल्या, "आत्ताच झोपलीय."