‘किरकोळ’मधले सव्वीस मेल

अनिरुद्ध खरे कर्वेनगरमधल्या सुमेधा सोसायटीचे सात वर्षं सेक्रेटरी होते. त्याआधी चौतीस वर्षं एका कारखान्यात क्वालिटी खात्यात काढलेली. त्यामुळे आपल्याकडे कागद हरवत नाही, असं ते सगळ्यांना सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरंही असे.

मे महिन्यातल्या एका रविवारी मात्र त्यांना लिफ्टचा जुना परवाना सापडेना. मंगळवारी तपासणीला माणूस येणार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आम्रपाली ओव्हाळ यांनी मागे कधीतरी जिन्यात भेटल्यावर “परवान्याची प्रत तुम्हाला मेल केली आहे” असं सांगितलेलं त्यांना आठवत होतं. त्यांनी मेलमध्ये ‘lift’ हा शब्द टाकला. चारशेच्या वर मेल आले. देखभालीच्या पावत्या, लिफ्ट कंपन्यांच्या जाहिराती, कुठल्या तरी गुडघेदुखीच्या तेलाची माहितीसुद्धा.

त्यांची मुलगी अक्षता वाघोलीहून आमरसाच्या जेवणाला आली होती. ती मागे येऊन उभी राहिली.

“बाबा, असं शोधलंत तर दिवाळीला सापडेल.”

“मग तू शोध.”

“मी नाही, तुम्हीच शोधा. मी दाखवते.” तिने शोधायच्या चौकटीच्या उजव्या टोकाला असलेल्या लहानशा चिन्हावर बोट ठेवलं. “हे दाबा. आता बघा, कोणाकडून आलाय, कोणाला गेलाय, विषय काय, कुठल्या तारखेच्या आसपास, सगळं वेगवेगळं विचारतंय. तुम्हाला काय माहिती आहे?”

“ओव्हाळ मॅडमनी पाठवलाय.”

“मग तेवढंच भरा. आणि खाली टिक करा, म्हणजे फाइल जोडलेले मेलच दिसतील.”

एकच मेल आला. त्यात परवाना होता. खऱ्यांना मनापासून आनंद झाला. अक्षता आईला मदत करायला आत गेली आणि ते ती नवी सोय पुन्हा पुन्हा वापरून बघू लागले. फाइलची टिक काढली तर काय होतं म्हणून त्यांनी ती काढली.

सव्वीस मेल आले. आत्ता उघडलेला एक सोडला तर सगळे ठळक अक्षरांत, म्हणजे न वाचलेले. प्रत्येकाच्या शेजारी करड्या रंगाची एक पट्टी होती आणि तिच्यावर ‘किरकोळ’ असं लिहिलेलं होतं.

वरून चौथ्या मेलचा विषय होता : ‘जमिनीखालील पाण्याच्या टाकीचे झाकण’. तारीख अकरा जानेवारी.

खऱ्यांनी तो लगेच उघडला नाही. पंधरा जानेवारीला काय झालं होतं ते सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं. तळमजल्यावरच्या चंद्रभागाबाई सकाळी फुलं काढायला पार्किंगच्या कडेने गेल्या, गंजलेल्या झाकणावर पाय पडला, पत्रा आत गेला आणि त्या कमरेपर्यंत टाकीत अडकल्या. खुब्याचं हाड मोडलं. चार दिवसांनी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सभा झाली. चंद्रभागाबाईंचा मुलगा इंद्रजीत उभा राहिला आणि त्याने शांतपणे विचारलं, “झाकण एका दिवसात गंजत नाही. कोणालाच दिसलं नव्हतं का?”

खरे म्हणाले होते, “माझ्यापर्यंत कोणीही काहीही कळवलेलं नाही. खाली दिवसभर असतो तो वॉचमन. हे बघणं त्याचं काम.”

वॉचमन उत्तरेश्वर भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. “साहेब, म्या बघितलं व्हतं. तुम्हीच म्हणला व्हता, उठसूट माझ्याकडं यायचं न्हाई, लेखी द्या. मला तसलं लिहिता येत न्हाई. म्हणून ओव्हाळ म्याडमला सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर मेल केलाय तुम्हाला.”

ओव्हाळ मॅडम तेव्हा महिनाभर नागपूरला, मुलीकडे गेल्या होत्या. खऱ्यांनी सगळ्यांसमोर खिशातून फोन काढला. ‘watchman’ शोधलं. ‘tank’ शोधलं. मग फोन उंच धरून सगळ्यांना दाखवला होता. “बघा. आहे काही? स्वतःची चूक झाकायला बाईमाणसाचं नाव घ्यायचं, हे बरं नाही.”

उत्तरेश्वर फोनकडे बघत राहिला होता, जणू तो आणखी थोडा वेळ धरला तर त्यात काहीतरी उमटेल. दोन दिवसांनी एजन्सीने त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवला.

खऱ्यांनी मेल उघडला.

‘मा. सेक्रेटरी, स. न. श्री. उत्तरेश्वर गुट्टे यांनी आज सकाळी निदर्शनास आणून दिले की, पार्किंगलगतच्या टाकीचे झाकण कडेने पूर्ण गंजले असून पाय पडल्यास अपघात संभवतो. मी स्वतः खाली जाऊन पाहिले. त्यांचे म्हणणे योग्य आहे. श्री. गुट्टे यांनी तात्पुरती वीट व फळी ठेवली आहे, परंतु गाड्या लावताना ती हलवली जाते. कृपया तातडीने झाकण बदलावे.’

उत्तरेश्वरचं आडनाव गुट्टे आहे हे खऱ्यांना त्या मेलमधून कळलं. तो चार वर्षं त्यांच्या दारात होता.

वरचे तीन मेल त्या सभेनंतरचे होते. पहिल्यात ओव्हाळ मॅडमनी नागपूरहून लिहिलं होतं की सभेचं कानावर आलं, आधीचा मेल पुन्हा पाठवत आहे, कृपया सदस्यांना दाखवावा. दुसरा परत आल्यावरचा, दोनच ओळींचा. तिसऱ्यात फक्त एवढंच होतं : ‘उत्तराची अपेक्षा सोडली आहे. नोंद असावी म्हणून लिहिते.’

“अक्षता,” त्यांनी हाक मारली. “हे ‘किरकोळ’ काय आहे?”

ती हात पुसत बाहेर आली. तिने स्क्रीनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“तुम्हीच करायला सांगितलं होतं. तीन वर्षं झाली. म्हणालात, या बाईंची सरकारी नोकरी संपली तरी खुमखुमी गेलेली नाही, यांचे मेल समोर आले की डोकं उठतं, बाजूला टाकता येतील का. मी विचारलं, नाव काय देऊ? तुम्ही म्हणालात, किरकोळ.” तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. “मला वाटलं, सवडीने वाचत असाल.”

खऱ्यांना तो दिवस आठवला. आपण हसलो होतो, तेही आठवलं.

अक्षता पुन्हा आत गेली. सव्वीस मेल निवडून पुसून टाकणं दोन टिचक्यांचं काम होतं. ते करावं असं त्यांच्या मनात आलं, आणि आलं म्हणूनच ते यादीत आणखी खाली गेले. मग त्यांनी जुने मेल एकेक करून वाचायला घेतले. जिन्यातला दिवा. इतिवृत्त फलकावर न लावल्याबद्दल. गच्चीच्या दाराची कडी. एकही चुकीचा नव्हता, एकही लांबलचक नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे देशपांडे कबुतरांबद्दल पानपानभर लिहीत आणि खरे त्यांना त्याच दिवशी उत्तर देत. देशपांड्यांचे मेल कधी बाजूला टाकावेसे वाटले नाहीत. हे असं का, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत लॅपटॉप मिटला.

तीन दिवस त्यांनी काहीच केलं नाही. लिफ्टची तपासणी झाली. चंद्रभागाबाई वॉकर घेऊन पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होत्या. त्या दिसल्या की खरे मागच्या फाटकाने बाहेर पडत. चौथ्या दिवशी सकाळी ते तिसऱ्या मजल्यावर गेले आणि त्यांनी बेल वाजवली.

आम्रपाली ओव्हाळ जिल्हा परिषदेतून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी दार उघडलं, चष्मा वर केला. “या. बसा.” बैठकीच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी नातवंडांचे फोटो होते. सात वर्षांत खरे या घरात पहिल्यांदाच बसत होते.

“मॅडम, तुमचे मेल मी वाचले.”

“कधी?”

“रविवारी.”

“कितवे?”

“सगळे.”

त्यांनी मान हलवली. खऱ्यांनी सगळं सांगितलं. मेल परस्पर बाजूला टाकणारं फिल्टर, त्याचं नावसुद्धा. ते नाव सांगताना त्यांना टेबलाकडे बघावं लागलं.

“सभेत तुम्ही शोधून दाखवलंत म्हणे,” मॅडम म्हणाल्या. “काय शोधलं होतंत?”

“वॉचमन. आणि टँक. इंग्रजीत.”

“मी सोसायटीला मराठीत लिहिते. आणि मराठीत वॉचमन टाकलं असतंत तरी सापडलं नसतं. मी माणसाचं नाव लिहिते.” आवाज चढलेला नव्हता. “मला वाटलं, तुम्ही वाचलाय आणि लपवलाय. चार महिने मी तसंच समजून होते. देशपांड्यांना तुमची उत्तरं येतात. ते दाखवतात मला.”

“मी वाचलाच नव्हता,” खरे म्हणाले.

“यात माझंही चुकलंच,” त्या म्हणाल्या. “आयुष्यभर एक सवय. लेखी दिल्यावर तोंडी विनवण्या करायच्या नाहीत. खाली येऊन तुमच्या दारावर थाप मारली असती, तर गुट्ट्यांच्या नावावरचा डाग तरी निघाला असता. माझा ताठा राहिला, त्यांची नोकरी गेली. मग माझ्या ओळखीने त्यांना मार्केट यार्डात एका गोदामावर लावलं. त्याने ते भरून येत नाही.”

“मला पत्ता द्याल का?”

त्यांनी वहीचा कागद फाडला आणि पत्ता लिहून दिला. चहाचं विचारलं नाही.

मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यांमागे ते गोदाम होतं. दुपारची वेळ, हमाल ढेपांच्या सावलीत आडवे झालेले. उत्तरेश्वर फाटकाशी खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर लिहीत होता. खऱ्यांना बघून तो सवयीने उभा राहिला. ते उभं राहणं खऱ्यांना सोसवेना.

“बसा, गुट्टे.”

“बोला की साहेब.”

“मेल आला होता. तुम्ही खरं बोलत होतात. मी वाचला नव्हता. मला माफ करा.”

उत्तरेश्वरने पेन वहीत ठेवलं, वही मिटली. त्याला राग आला असता तर खऱ्यांना बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “मला ठावं हाय की, साहेब. माझ्यासमोरच केला व्हता त्यांनी.”

“तुम्ही परत या. मी एजन्सीशी बोलतो.”

“नगं. हितं बरं हाय. मालक नावानं हाक मारतो.” तो जरा घुटमळला. “एकच करा. माझी बायको, मैना, तुमच्याच गल्लीत तीन घरी कामाला जाती. तिला बाया इचारतात, तुझ्या नवऱ्यानं म्हातारीला पाडलं म्हणं. काय सांगंल ती? तुम्ही जसं समद्यांसमोर फोन दावला, तसं समद्यांसमोर हे सांगा. हितं येऊन मला सांगून काय उपेग? मला माहीतच हाय.”

पुढच्या रविवारी खऱ्यांनी सभा बोलावली. नोटिशीवर विषय लिहिला, ‘अकरा जानेवारीचा मेल’. पार्किंगमध्ये पुन्हा त्याच खुर्च्या लागल्या. त्यांनी मेलची छापील प्रत हातात घेतली आणि तारखेसकट सगळी वाचली. गुट्ट्यांचं नाव दोनदा होतं, ते दोन्ही वेळा ‘श्री. उत्तरेश्वर गुट्टे’ असं पूर्ण वाचलं. मग मेल का दिसला नाही ते सांगितलं. ‘किरकोळ’ हा शब्दही सांगितला, कारण तो गाळला तर बाकीचं खोटं होईल असं त्यांना वाटलं. ओव्हाळ मॅडम शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पूर्ण वेळ समोर बघितलं.

वाचून झाल्यावर देशपांडे म्हणाले, “अहो खरे, एवढं काय मनाला लावून घेता. मेल किती येतात हल्ली. होतं असं.” दोन-चार माना हलल्या. आपण इतक्या स्वस्तात सुटू शकतो, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. गुट्ट्यांना त्या दिवशी ‘होतं असं’ म्हणायला कोणी उठलं नव्हतं.

चंद्रभागाबाई वॉकरला धरून उभ्या राहिल्या. इंद्रजीतने त्यांना बसवायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

“माझं हाड जुळलं,” त्या म्हणाल्या. “मी अडकले तेव्हा तोच धावत आला होता. माझ्या काखांत हात घालून अर्धा तास तसाच बसला, मी आत घसरू नये म्हणून. आणि मी दवाखान्यात पडल्या पडल्या त्यालाच शिव्या दिल्या. का, तर तुम्ही सांगितलंत म्हणून. ते आता कोण परत घेणार?”

खरे म्हणाले, “मला माहीत नाही.”

त्यांनी राजीनामा दिला. सभेने इतिवृत्तात सगळं लिहायचं ठरवलं आणि ओव्हाळ मॅडमनी मजकूर सांगितला. या वेळी तो त्याच संध्याकाळी फलकावर लागला.

सोमवारी सकाळी खरे दूध आणायला निघाले, तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी एक बाई पिशवी घेऊन उभी होती. त्यांनी तिला कितीदा तरी बघितलं होतं. मैना ती हीच असणार हे आता कळलं. ती फाटकाजवळच्या फलकाकडे बघत होती. तिला वाचता येत होतं की नाही, कोण जाणे.

खरे थांबले. “मैनाबाई, काल सगळ्यांसमोर सांगितलं मी.”

“समजलं,” ती म्हणाली. “देशपांडे काकूंनी सकाळीच सांगितलं.”

तिने पदर खांद्यावर नीट घेतला आणि ती कामाला गेली. खरे रिकामी पिशवी हातात धरून, तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. ती थांबली असती तरी आपल्याला तिच्या नजरेला नजर देता आली नसती, हे त्यांना माहीत होतं.